लहान मुलांना लायब्ररीत पुस्तक शोधायला शिकवायचंय: रंगाचे स्टिकर, अ-आ-इ-ई की ड्युईचे आकडे?

नाशिकमध्ये गंगापूर रोडला आमच्या सोसायटीत मुलांची छोटी लायब्ररी आहे, चार रॅक, पाचेकशे पुस्तकं, आणि तिथे आम्ही या तिन्ही पद्धती करून बघितल्यात. कुणाला शाळेत किंवा सोसायटीत असं काही सुरू करायचं असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय.

रंग सगळ्यात सोपे. प्राण्यांना हिरवा, गोष्टींना पिवळा, अवकाशाला निळा. वाचता न येणारं पाच वर्षांचं पोरही एका दिवसात शिकतं. फक्त रंगासोबत छोटं चित्रही चिकटवा, कारण काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. पण रंग कप्प्यापर्यंतच नेतो, हिरव्यात शंभर पुस्तकं झाली की वाघाचं एक शोधायला पोरं सगळा कप्पा उपसतात, आणि हे रंग फक्त आपल्याच लायब्ररीत चालतात, दुसरीकडे नाही.

अक्षरांप्रमाणे लावणं ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ यातच झाला. लेखकाच्या आडनावाने लावलं तर मुलांना लेखक आठवतच नाही, त्यांना "ती हत्तीवाली गोष्ट" हवी असते. पुस्तकाच्या नावाने लावलं तर अनुस्वार आधी की नंतर, क्ष ला क मध्ये धरायचं की शेवटी, यावर आम्ही मोठेच अडलो. इंग्रजी पुस्तकांची रांग वेगळी करावी लागते ती वेगळीच. पुस्तकं कमी असतील आणि फक्त पहिलं अक्षर बघायचं ठरवलं तर मात्र चालतं.

आता ड्युई. अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्युईने १८७६ मध्ये काढलेली पद्धत, प्रत्येक विषयाला एक नंबर, सगळे विषय ००० ते ९९९ मध्ये. ५२३ ला ग्रह-तारे, ५९८ ला पक्षी, ७९६ ला खेळ. पोरांना हे आकडे आवडतात हो, "माझा नंबर ५९८" म्हणत थेट जातात. अडतं ते टिंबानंतर. क्रिकेटचा नंबर ७९६.३५८ आणि धावणं-उड्या वगैरेचा ७९६.४, तर मूल म्हणतं ३५८ मोठा म्हणजे तो नंतर, पण येतो तो आधी. "तीनशे अठ्ठावन्न" असं वाचूच देऊ नका, टिंबानंतर एकेक आकडा बघायला सांगा, ३ आधी, ४ नंतर, मग पटकन कळतं. दुसरी अडचण म्हणजे मराठी गोष्टी जवळपास सगळ्या ८९१.४६ लाच जातात, म्हणजे जे पुस्तक मुलं सगळ्यात जास्त मागतात तिथे नंबर काहीच मदत करत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांमधलं एक आहे, वाचकाचा वेळ वाचवा. मी त्याच मापाने ठरवलं, मुलाला कुणाला न विचारता पुस्तक किती लवकर सापडतं.

तर माझं मत असं की दुसरीपर्यंतच्या मुलांना रंग आणि चित्रच द्या, पण पहिल्या दिवसापासून त्याच स्टिकरवर ड्युईचे तीन आकडे लिहून ठेवा. आम्ही आधी नुसते रंग लावले आणि नंतर पाचशे पुस्तकांवर नवे स्टिकर करत बसलो, तो त्रास तुम्ही करून घेऊ नका. तिसरी-चौथीला तीन आकडे पुरे, टिंब शाळेत दशांश अपूर्णांक झाल्यावर. गोष्टींची पुस्तकं आकड्यांतून बाहेरच काढा आणि पहिल्या अक्षराने लावा.

शंभर-दीडशेच पुस्तकं असतील तर आकड्यांच्या भानगडीत पडूच नका, रंग बास.

मोठ्या मुलांना एकदा आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात नक्की न्या, १८४० चं आहे, ड्युईच्या पद्धतीपेक्षाही ३६ वर्षं जुनं. जाताना प्रत्येकाला एक विषय चिठ्ठीवर लिहून द्या, आणि पुस्तक हातात येईपर्यंत मध्ये बोलू नका.