इंग्लंड की सिसिली? नॉर्मन विजयाचा अभ्यास कुठून सुरू करावा

फ्रान्सच्या उत्तरेतल्या नॉर्मंडीतून निघालेल्या सरदारांनी एकाच दशकात दोन बेटांवर पाय ठेवला. १०६१ मध्ये रॉबेर गिस्कार आणि त्याचा धाकटा भाऊ रॉजर सिसिलीत मेसिनाला उतरले. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडला. जिंकलेल्या रयतेचं पुढे काय झालं यावर निबंध लिहायचाय आणि दोन्हींसाठी वेळ नाही, तर कुठलं बेट घ्यावं?

आधी वेगातला फरक बघा, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरल्ड पडला आणि नाताळच्या दिवशी विल्यमने वेस्टमिन्स्टरला मुकुट चढवला. सिसिलीत मात्र शेवटचं गाव नोतो हाती यायला १०९१ उजाडलं. रॉजरकडे माणसंच थोडी होती. गावागावाशी बोलणी करून मुसलमान रयतेला तिचा धर्म आणि तिचे काजी ठेवू द्यावे लागले, बदल्यात जिझिया. आधीच्या राज्यात तो ख्रिस्ती रयत भरत होती, आता मुसलमान भरू लागले.

विल्यमला अशी तडजोड करायची गरज वाटली नाही. उत्तरेत बंड झालं तेव्हा १०६९-७० च्या हिवाळ्यात त्याने धान्य, गुरं, अवजारं जाळायला लावली. लोक भुकेने मेले. सोळा वर्षांनी देशभर पाहणी झाली, तिचं दफ्तर म्हणजे डूम्सडे बुक. उत्तरेतल्या यॉर्कशरची पानं उलटताना गावाच्या नावापुढे ‘वास्ता’, म्हणजे ओसाड, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक नोंद आगीचीच असेल असं नाही, तरी इतक्या नोंदी एकापाठोपाठ वाचताना हात थांबतो. विजयाआधीच्या एडवर्ड राजाच्या काळी गाव कुणाचं होतं आणि आता कुणाचं, हेही बहुतेक ठिकाणी लिहिलेलं आहे. १०८६ पर्यंत मोठ्या जमीनदारांत इंग्रज माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. एखाद्या गावाची जमीन मालकाकडून मालकाकडे जाताना बघायची असेल, तर यापेक्षा चांगलं साधन त्या काळात नाही. मूळ लॅटिन येत नसलं तरी इंग्रजी भाषांतर सहज मिळतं.

सिसिली डोळ्यांना जास्त सुंदर दिसते, आणि तिथेच वाचक फसतो. रॉजरचा मुलगा दुसरा रॉजर सिसिलीचा राजा झाला; त्याच्या पालेर्मोतल्या राजवाड्यातल्या प्रार्थनागृहात भिंतींवर ग्रीक कारागिरांचं मोझाइक आहे आणि वर अरबी धाटणीचं कोरीव लाकडी छत. कारभार चालवायला ‘दिवाण’ नावाची कचेरी होती. आपल्याकडे फारसीतून आलेला तोच शब्द. ११४९ सालची एक शिळा मला सगळ्यात जवळची वाटते. ग्रिझांतो नावाच्या पाद्र्याने आपल्या आईसाठी, आन्नासाठी, ती कोरवून घेतली. मजकूर लॅटिन, ग्रीक आणि अरबीत, शिवाय हिब्रू लिपीतल्या अरबीतही, आणि प्रत्येकात साल आपापल्या कालगणनेचं. आईचं नाव शेजारपाजारच्या सगळ्यांना वाचता यावं, असं त्या मुलाला वाटलं असेल.

पण हे चित्र टिकलं नाही. ११६१ च्या बंडात पालेर्मोत मुसलमानांची कत्तल झाली. ११७८ मध्ये सिसिलीच्या दुसऱ्या विल्यम राजाने मोन्रेआलेच्या मठाला जमिनी दिल्या, त्यांबरोबर तिथली कुळंही. त्यांच्या याद्या अरबीत आहेत, नावानिशी. तेराव्या शतकात सिसिलीचाही राजा असलेल्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने उरलेल्या मुसलमानांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला नेऊन वसवलं.

माझा सल्ला असा. सत्र एकच असेल आणि वाचायला इंग्रजीच असेल, तर इंग्लंड घ्या, तेही लंडन सोडून यॉर्कशरपासून. अरबी किंवा ग्रीक थोडंफार येत असेल, किंवा ‘वेगळ्या धर्माची रयत पदरी घेतली’ या वाक्याचा खरा अर्थ शोधायचा असेल, तर सिसिली. इब्न जुबैर हा अंदलूसचा, म्हणजे मुसलमानी स्पेनचा, प्रवासी ११८४ मध्ये तिथे पोचला होता. राजाच्या नोकरीतले मुसलमान धर्म लपवून कसे जगतात हे त्याने टिपलंय. त्याच्यापासून सुरुवात करा. दुसरा रॉजर ११५४ मध्ये मेला म्हणून तिथे थांबू नका. १३०० पर्यंत जा, लुचेराची वस्ती मोडून तिथल्या माणसांना गुलाम म्हणून विकलं गेलं तिथवर.