नाताळाची नवी गीते आणि म्यूझस्कोअर : मंडळीच्या गायनसंघासाठी घेतलेला अनुभव

उपासनेत पेटी वाजवणे आणि दर नाताळाला मंडळीसाठी दोन-तीन नवी गीते रचणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. चाल सुचते, शब्दही वहीत उतरतात. खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण ते गीत चार आवाजांत बांधून आगमनकाळ (नाताळापूर्वीचे चार आठवडे) सुरू होण्याआधी गायनसंघातल्या प्रत्येकाच्या हाती द्यायचे असते. पूर्वी मी पाच रेघांवर हाताने स्वर लिहून त्यांच्या झेरॉक्स काढत असे आणि आल्टोच्या (स्त्रियांच्या खालच्या आवाजाच्या) एका ओळीत बदल केला की सगळे पान नव्याने लिहावे लागे. गेली काही वर्षे हे लेखन मी म्यूझस्कोअर या सॉफ्टवेअरवर करतो आहे. मराठी उपासना-संगीत रचणाऱ्यांना ते कितपत उपयोगी पडते, हे इथे सविस्तर सांगावेसे वाटते.

व्हेर्नर श्वीर या जर्मन प्रोग्रॅमरने २००२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. ते मुक्त परवान्याखाली मिळते आणि संगणकावर उतरवून घ्यायला एक रुपयाही लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्याचे रूप बरेच बदलले. २०२४ पासून या प्रोग्रॅमला म्यूझस्कोअर स्टुडिओ असे नाव आहे. लहान मंडळ्यांकडे संगीतासाठी वेगळा निधी क्वचितच असतो, त्यामुळे मोफत असणे ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

मला या साधनाची गोडी लागली ती मात्र शब्दांमुळे. स्वर लिहून झाले की पहिला स्वर निवडून कंट्रोल आणि एल या कळा एकत्र दाबायच्या आणि देवनागरीत शब्द टंकायला लागायचे. स्पेस दिली की पुढच्या स्वराखाली जाता येते, शब्द मध्ये तोडायचा असेल तर जोडरेघ द्यायची, आणि शेवटचे अक्षर अनेक स्वरांवर लांबवायचे असेल तर अधोरेघ. प्रत्येक अक्षर कोणत्या स्वरावर बसणार, याचा निर्णय रचनाकाराला इथे घ्यावाच लागतो, टाळता येत नाही. ‘गोठ्यात’ हा शब्द घ्या. बोलताना आपण त्याचा उच्चार ‘गो-ठ्यात्’ असा दोन ठोक्यांत करतो, पण भजनात शेवटचा अकार पूर्ण उच्चारण्याची आपली जुनी सवय असल्यामुळे तोच शब्द ‘गो-ठ्या-त’ असा तीन स्वर मागतो. भजनी ठेक्यावर तीन स्वर शोभतात. कॅरलच्या, म्हणजे पाश्चात्त्य नाताळगीताच्या, चालीवर मात्र तो सुटा ‘त’ अनेकदा लंगडतो. वहीत लिहिताना ही गोष्ट माझ्या लक्षात येत नसे, पडद्यावर ती लपत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण ‘सायलेंट नाइट’ या जगप्रसिद्ध गीताचे आहे. योझेफ मोर या धर्मगुरूने लिहिलेल्या शब्दांना फ्रान्झ ग्रूबर याने चाल दिली आणि ते गीत ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे २४ डिसेंबर १८१८ रोजी गिटारच्या साथीने पहिल्यांदा गाइले गेले. त्याची सुरुवात म्यूझस्कोअरमध्ये सहा-आठच्या तालात लिहून पाहिली, तेव्हा पहिल्या तीन अक्षरांच्या (साय-लेंट-नाइट) जागा लांब, आखूड, लांब अशा आहेत हे डोळ्यांसमोर आले. आपल्या छंदशास्त्राच्या भाषेत हा सरळ र-गण झाला : गुरु, लघु, गुरु. तिथे ‘रात ही’ हे शब्द बसवले तर भाषा आणि चाल हातात हात घालून चालतात. त्याच जागी ‘प्रभू ये’ घातले, तर ‘प्र’ विनाकारण ताणला जातो आणि ‘भू’ तोकडा पडतो. अर्थ कितीही सुंदर असला तरी गाणाऱ्याची जीभ अडखळते. परदेशी चालींवर बेतलेली काही मराठी गीते मंडळीला आपली का वाटत नाहीत, याचे एक मोठे कारण मला इथे सापडले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग आणि भजनाच्या वाटेने ख्रिस्ती भक्ती मराठीत आणली, तेव्हा त्यांनी शब्दांना असे ओढाताणीत घातले नाही. त्यांच्या रचना आजही गावोगावी पुस्तक न उघडता गाइल्या जातात, हे मला म्हणूनच स्वाभाविक वाटते.

देवनागरीसाठी एक पूर्वतयारी अवश्य करावी. सॉफ्टवेअरचा मूळ टंक देवनागरीसाठी घडवलेला नाही, म्हणून शैलीच्या मेनूत जाऊन गीताच्या ओळींसाठी एखादा चांगला युनिकोड देवनागरी टंक निवडावा आणि जोडाक्षरे नीट दिसावीत म्हणून अक्षरांचा आकारही थोडा वाढवावा. आमच्या गायनसंघातील निम्म्या जणांना पाच रेघांवरचे लेखन वाचता येत नाही. त्यांच्यासाठी मी शब्दांच्या खाली, दुसऱ्या कडव्याच्या जागेवर, सा रे ग म हाताने टंकतो. काम वेळखाऊ आहे, पण त्याचे मोल तालमीत कळते.

या साधनाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ते पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी घडलेले आहे. मींड आणि मुरकी त्यात खुणेपुरत्या दाखवता येतात. त्यांचा श्वास कागदावर उतरत नाही. केरव्याच्या आठ मात्रा मांडता येतात, तबल्याचे वजन मांडता येत नाही. अभंगाच्या चालीचे गीत मी म्हणूनच त्यात फक्त आराखड्यासारखे लिहितो आणि उरलेले माझ्या आवाजात गाऊन पाठवतो. म्यूझ साउंड्स हा आवाजांचा मोफत संच वेगळा उतरवून घेता येतो आणि त्यातील गायकवृंद व तंतुवाद्ये खरोखर श्रवणीय आहेत, पण तो गायकवृंद स्वरांवर केवळ ‘आ’, ‘ऊ’ धरतो, आपले शब्द गात नाही. नवशिक्या गायकांना हे आधीच सांगून ठेवावे.

तालमीसाठी मिक्सर, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा कमी-जास्त करण्याचा भाग, मला सर्वाधिक उपयोगी वाटतो. टेनरचा (पुरुषांच्या वरच्या पट्टीचा) आवाज मोठा, बाकीचे तिघे मंद, असे ठेवून ध्वनिफीत काढायची आणि ती टेनर गाणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायची. तसेच इतर तिघांचे. कामावर जाताना बसमध्ये ऐकून पाठ केलेली ओळ रविवारी उपासनेनंतरच्या अर्ध्या तासात सहज बसते. सोप्रानोंना (स्त्रियांच्या वरच्या आवाजाला) वरचा स्वर झेपत नसेल तर सगळे गीत एका आज्ञेत खाली उतरवता येते. हाताने लिहिण्याच्या दिवसांत यासाठी माझी एक अख्खी रात्र जात असे.

गीत ऑनलाइन देताना मात्र सावधपणा हवा. प्रोग्रॅम आणि त्याच नावाचे संकेतस्थळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : प्रोग्रॅम पूर्ण मोफत आहे, तर संकेतस्थळावरून इतरांच्या रचना उतरवून घेण्यासाठी बहुतेक वेळा सशुल्क सदस्यत्व लागते. आपली रचना तिथे ठेवताना परवाना निवडता येतो. सर्व हक्क राखून ठेवायचे की इतर मंडळ्यांना मोकळेपणाने गाऊ द्यायचे, हे आधी ठरवावे. भारतीय कायद्यानुसार साहित्य आणि संगीत यांवरील हक्क (कॉपीराइट) रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे शब्द आज सर्वांचे आहेत; मात्र एखाद्या जुन्या कॅरलची अलीकडे केलेली चार आवाजांची बांधणी सर्वांची नसते. दोनशे वर्षांपूर्वीच्या चालीचे आमच्या गायनसंघाने गाइलेले चित्रण मी एका व्हिडिओ संकेतस्थळावर ठेवले, तेव्हा त्यावर कोणा कंपनीचा हक्काचा स्वयंचलित दावा येऊन पडला. आमची बांधणी स्वतःची असल्याचे लेखी कळवल्यावर तो मागे घेतला गेला, पण तोवर नाताळ होऊन गेला होता.

आणखी एक काम न चुकता करावे. प्रोजेक्टच्या माहितीत संगीतकार, गीतकार आणि हक्क यांचे रकाने असतात. ते भरल्याशिवाय फाइल कोणालाही पाठवू नये. ग्रूबरची चाल गायक-कुटुंबांनी युरोपभर नेली, तेव्हा त्याचे नाव तिच्यासोबत गेले नाही. लोक ती मोठमोठ्या संगीतकारांच्या नावावर खपवू लागले, आणि शेवटी १८५४ मध्ये त्याला स्वतः लेखी निवेदन करून त्या गीताची जन्मकथा सांगावी लागली. यंदाच्या आमच्या दोन्ही नव्या गीतांच्या पहिल्या पानावर तळाशी शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वर्ष कोणते, हे मी सर्वांत आधी लिहिले. स्वर त्यानंतर मांडले.