घाटासाठी दोन बाटल्या, ओआरएसची पुडी आणि सुकेळी: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी सायकलवर चढाच्या राइड नेमाने करते आहे. मुलुंडहून निघून पनवेलमार्गे बोरघाट, कधी नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतचा माथेरानचा चढ, आणि वेळ कमी असेल तेव्हा येऊर नाहीतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता. एवढ्या महिन्यांत खाण्यापिण्याची मांडणी आता पक्की झाली आहे. फ्रेमवर दोन बाटल्या, एकीत ओआरएस आणि दुसरीत साधं पाणी. हँडलमागे टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीवर, छोटी बॅग, तिच्यात सुकेळी (वाळवलेली केळी), खजूर आणि गूळ-तुपाच्या पोळीचे तुकडे. पाठीवरची, नळीने पाणी प्यायची हायड्रेशन बॅग आणि पाकिटातले गोड एनर्जी जेलही पुरेसे वापरून झाले आहेत.

माझं मत आधीच सांगते. मुंबईहून जाऊन घाट चढायचा असेल तर त्या घाटाचं खाणंपिणं पायथ्याआधीच्या सपाटीवर उरकायला हवं, आणि पाण्याबरोबर मीठ पोटात जायला हवं. या दोन गोष्टी ज्या सामानाने सोप्या झाल्या ते ठेवलं, बाकीचं काढून टाकलं.

आधी मिठाचं. आपल्याकडच्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, आणि शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. म्हणून शरीर आणखी घाम काढत राहतं. पनवेलच्या सपाट रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वेगात निदान वारा तरी लागतो. चढावर वेग सात-आठवर आला की तोही थांबतो आणि कोपरांवरून धार लागते. आपला घाम किती जातो हे कळायला घरचा वजनकाटा पुरतो. निघण्याआधी आणि आल्यावर वजन करायचं, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात धरायचं. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम. ऑक्टोबरच्या उकाड्यात माझा आकडा तासाला लिटरच्या आसपास येतो, डिसेंबरच्या पहाटे तो बराच खाली असतो. हा हिशेब प्रत्येकाने स्वतःचाच करावा, कारण शेजारी चालवणाऱ्याचा घाम तुमच्या दुप्पट असू शकतो.

एवढा घाम गेल्यावर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जड होतं, मळमळतं, आणि प्रकरण वाढलं तर माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो. हे पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं, म्हणून सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात. ही गोष्ट प्रत्येक सायकल ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत असायला हवी असं मला फार वाटतं.

ओआरएस मी औषधाच्या दुकानातलंच घेते, ज्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं असतं. एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. त्यातून लिटरमागे ७५ मिलिमोल, म्हणजे सतराशे मिलिग्रॅमच्या थोडं वर सोडियम मिळतं. हे सूत्र जुलाबाच्या रुग्णासाठी आहे आणि बहुतेकांच्या घामात सोडियम याहून कमी असतं. म्हणूनच दोन्ही बाटल्या ओआरएसच्या भरत नाही. एक घोट ओआरएसचा, पुढचा साध्या पाण्याचा, असं आलटून पालटून प्यायलं की पोटात जाणारं मिश्रण घामाच्या जवळ येतं. शिवाय साधं पाणी डोक्यावर आणि मानेवर ओतता येतं, ओआरएस ओतलं तर दिवसभर चिकचिक होते. लिटरची पुडी ७५० मिलिच्या बाटलीत अख्खी रिकामी करू नका. घरी लिटरभर बनवून मग बाटलीत भरा. रस्त्यात लागतील म्हणून २०० मिलिच्या छोट्या पुड्या सोबत ठेवते.

दुकानात लेबल वाचायला मात्र विसरू नका. फळांच्या चवीची, साखरेने भरलेली पेयं वर्षानुवर्षं ओआरएस नाव लावून औषधांच्याच कपाटात विकली जात होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव वापरायला मनाई केली. त्या डॉक्टरांचे आपल्या सगळ्यांवर उपकार आहेत. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचा हा सगळा उद्योग डॉक्टरांना विचारूनच करा.

चवीचा कंटाळा येतो, हे खरं. त्यावर माझा उतारा म्हणजे कोकमाचं आगळ. आगळात मुळातच मीठ असतं, त्यामुळे बाटलीभर पाण्यात दोन चमचे आगळ आणि दोन मोठे चमचे साखर घातली की वर मीठ घालावं लागत नाही. मे महिन्यात पनवेलच्या पुढे गोड काही तोंडाला लावावंसं वाटत नाही, तेव्हा हे आंबट-खारट पाणी आपसूक घशाखाली जातं. नारळपाणी मलाही आवडतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. ते घरी परतल्यावर प्यावं, ओआरएसच्या ऐवजी नको.

बाटल्यांपैकी एक दुहेरी भिंतीची, थंडावा राखणारी आहे. एप्रिल-मेच्या उन्हात ती दोनेक तास पाणी गार ठेवते. साध्या बाटलीतलं पाणी तेवढ्यात अंघोळीचं होतं आणि कोमट पाणी माणूस कमी पितो, म्हणून जास्तीचे पैसे वसूल झाले असं म्हणेन. ती दाबायला थोडी कडक आहे आणि दुहेरी भिंतीमुळे तिच्यात पाणी कमी मावतं. स्टीलची बाटली बघितली, पण ती दाबता येत नाही, आणि खड्ड्यांत केजमध्ये (बाटली अडकवायच्या कडीत) खडखडते.

हायड्रेशन बॅगबद्दल माझं मत वाईट झालं ते आपल्या हवेमुळे. दोन लिटर पाणी पाठीवर घेतलं की पाठीचा घाम अजिबात वाळत नाही आणि चढावर ते वजन कमरेत बसतं. नळीत उरलेला पहिला घोट उन्हाने गरम झालेला असतो. धुवायला वैताग, वाळायला त्याहून. माळशेजसारख्या, जिथे दुकानं लांब लांब आहेत अशा रस्त्यावर ती उपयोगी पडते. बोरघाटासाठी नको, खोपोलीपर्यंत पावलोपावली पाणी मिळतं.

आता खाणं. लिटरभर ओआरएसमध्ये साखर जेमतेम साडेतेरा ग्रॅम असते आणि लांबच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. थोडक्यात, मीठ बाटलीत आणि साखर बॅगेत. नुसतं ग्लुकोज असेल तर आतडं तासाला ६० ग्रॅमच्या आसपास घेऊन थांबतं. सोबत फ्रुक्टोज असेल तर ते वेगळ्या वाटेने शोषलं जातं आणि जास्त पचतं. महागड्या जेलच्या पाकिटावर हेच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. केळं, खजूर, गूळ यांत या दोन्ही साखरा मुळातच आहेत.

या सगळ्यात माझं सगळ्यात लाडकं खाणं वसईची सुकेळी. पिकलेलं राजेळी केळं सोलून उन्हात वाळवतात. पाणी उडतं आणि साखर राहते. ती चिंबत नाही, उन्हात वितळत नाही, आणि एक सुकेळी दोन-तीन घासांत संपते. चिकट असतात म्हणून घरीच तुकडे करून बटर पेपरमध्ये गुंडाळते. स्वस्त नाहीत आणि बारा महिने मिळत नाहीत. वसईतल्या केळीच्या बागाही कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे दिसल्या की घेऊन ठेवा. नाही मिळाल्या तर बिया काढलेले खजूर, मध्यम आकाराचे चार म्हणजे साधारण वीस ग्रॅम साखर. गोडाचा वीट आला की मीठ लावलेला उकडलेला बटाटा. गूळ-तुपाची पोळी आई पातळ लाटून देते, तिची घट्ट गुंडाळी करून बोटभर तुकडे करते. तूप जास्त झालं तर मात्र बॅगेत ओघळतं आणि पोटातही जड पडतं.

चिक्की लोणावळ्याच्या वाटेवर असली तरी चढाच्या आधी नको. दाण्यांतली चरबी पचायला वेळ घेते आणि धापा टाकताना कडक तुकडा चावणं धोक्याचं आहे. वडापावही वर पोहोचल्यावर खावा, खोपोलीत खाल्लेला अर्ध्या घाटात तोंडाशी येतो. जेल चांगले आहेत, बोटभर पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम, पण एकाला शंभर रुपयांच्या वर मोजावे लागतात आणि वर पाणी प्यावंच लागतं. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडमध्ये, जिथे साडेतेरा तासांची मुदत असते आणि चावायचाही कंटाळा येतो, तिथे शेवटच्या टप्प्यासाठी एक-दोन ठेवावेत. रिकामी पाकिटं जर्सीच्या खिशात परत आणा. घाटात पडलेली पाहिली की जीव जळतो. कान्हेरीला तर बॅग उघडूच नका, माकडं टपलेली असतात.

हे सगळं केव्हा खायचं, यावरच घाट नीट चढवतो की नाही ते ठरतं. मुलुंड ते खोपोली साठ-सत्तर किलोमीटर जवळजवळ सपाट आहे. तिथे पाय हलके असतात म्हणून खायची आठवण होत नाही, आणि स्नायूंमधला साखरेचा साठा नेमका तिथेच संपत जातो. मी घड्याळात वीस मिनिटांचा गजर लावते. गजर झाला की दोन-तीन मोठे घोट, दर दुसऱ्या गजराला चार खजूर किंवा तेवढीच सुकेळी. भूक आणि तहान लागायची वाट बघत नाही. खोपोलीच्या अलीकडे वीसेक मिनिटं शेवटचं खाणं, मग पायथ्याशी दोन्ही बाटल्या पुन्हा भरून घ्यायच्या. तिथून खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटर उंची चढायची असते. तेव्हा रक्त पायांकडे धावतं, पोटाकडे कमी जातं, श्वास चावू देत नाही, आणि एक हात सोडून ट्रकच्या शेजारून डगमगत जाणं परवडणारं नसतं. चढावर फक्त घोट घोट पाणी. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी पाय टेकवून एक खजूर, तेवढाच. मुंबई-पुणे शर्यतीत घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आपण त्या शर्यतीत नसलो तरी देवळापाशी थांबल्यावर पायांत अजून दम शिल्लक आहे असं वाटणं, हे सुख या मांडणीने मला दिलं.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहायला हवी. आमच्यातल्या कितीतरी जणी वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने मुद्दाम पाणी पीत नाहीत. कृपा करून असं करू नका. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीपर्यंत पेट्रोल पंप आहेत, तिथे हक्काने विचारा. निघण्याआधी नकाशावर पंप खूण करून ठेवले की पाणी पिताना मनावर दडपण राहत नाही. ग्रुपमधल्या दादांनीही या थांब्यांना घाई करू नये.

पावसाळ्यात तहान लागत नाही, तरी रेनकोटच्या आत घाम चालूच असतो, म्हणून गजर तेव्हाही तसाच ठेवते. पण चाकांवरून उडणारा चिखल बाटलीच्या तोंडावर बसतो, आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) साथीच्या दिवसांत तो तोंडात जाऊ देणं बरं नाही. झाकण असलेल्या नोझलची बाटलीच घ्या. साखरेमुळे त्या नोझलमध्ये काळी बुरशी धरते. आल्या आल्या गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून धुवायची आणि झाकण उघडं ठेवून वाळवायची.

उतरण्याआधीही प्यायचं असतं, हे फार थोडे लोक पाळतात. उतारावर वाऱ्याने घाम पटकन वाळतो, हात ब्रेकवर असतात आणि बाटलीला हात लावायची सोय नसते. खाली आल्यावर अकराच्या उन्हात पनवेलचा तापलेला रस्ता बाकी असतो. म्हणून लोणावळ्याला वडापावसोबत बाटलीत दुसरं ओआरएस तयार करून घेते. खोपोलीच्या पुढे रसवंती दिसली तर उसाचा रस आलं-लिंबू घालून, दादांना बर्फ नको असं आधीच सांगून, आणि चिमूटभर मीठ वरून मागून.