सांगलीत राहून अकरावी-बारावी: आराखडा जेईईचा असावा की सीईटीचा?

दहावीनंतर अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्या सांगलीतल्या विद्यार्थ्यासमोर दोन वर्षांच्या अभ्यासाचे मुख्यतः दोन आराखडे असतात. पहिला जेईई मेन आणि त्यापुढे ॲडव्हान्स्ड या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून आखलेला, दुसरा एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेसाठी. दोन्हींचे विषय भौतिक, रसायन आणि गणित हे तेच तीन असल्यामुळे ‘जेईईचा अभ्यास केला की सीईटी आपोआप होते’ असे पालकांना सर्रास सांगितले जाते. आशयापुरते ते बरेचसे खरे आहे. वेळापत्रकाच्या बाबतीत मात्र ते खरे नाही, आणि दोन वर्षांचे नियोजन म्हणजे शेवटी वेळापत्रकच असते.

आधी दोन्ही परीक्षा कुठे नेतात ते पाहू. सांगलीचे 1947 साली सुरू झालेले वालचंद महाविद्यालय, कऱ्हाडचे 1960 सालचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय या संस्थांचे राज्यातील विद्यार्थ्यांसाठीचे प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत त्यावर), कॅप म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून होतात. नागपूरच्या व्हीएनआयटीसह सर्व एनआयटी, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, जेईई मेनवर भरतात आणि आयआयटी ॲडव्हान्स्डवर. विश्रामबागेतल्या वालचंदचेच ध्येय ठेवणाऱ्या मुलाने दोन वर्षे ॲडव्हान्स्डची गणिते सोडवत बसण्याचे कारण नाही. याउलट एनआयटी हवी असेल, तर सीईटीत कितीही गुण मिळाले तरी ते तिथे चालत नाहीत.

परीक्षांचे स्वरूपही वेगळे आहे. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. गणिताच्या 50 प्रश्नांना स्वतंत्र 90 मिनिटे असतात, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. जेईई मेनमध्ये 75 प्रश्नांना तीन तास मिळतात, पण चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. त्यामुळे एकीकडे हात चालवायचा सराव लागतो, तर दुसरीकडे प्रश्न सोडून देण्याचा विवेक लागतो. जेईईच्या मुलाला सीईटीत अपेक्षेपेक्षा कमी पर्सेंटाइल पडते तेव्हा त्याचे कारण ज्ञानात क्वचितच असते. बहुतेक वेळा ते वेगात असते.

मात्र खरा फरक अकरावीच्या वर्षात आहे, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच करावी. सीईटीत अकरावीच्या निवडक प्रकरणांवर सुमारे 20 टक्के प्रश्न असतात, उरलेले बारावीवर. जेईईत असा भेद नाही; अकरावीचा भाग तिथे जवळजवळ बरोबरीने येतो. त्यात भर म्हणजे प्रकरणांची मांडणीच वेगळी आहे. जेईईच्या क्लासमध्ये सीबीएसईत वापरल्या जाणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या ज्या क्रमाने शिकवले जाते, त्यात रोटेशन, द्रवांचे गुणधर्म, थर्मोडायनॅमिक्स आणि ऑसिलेशन ही प्रकरणे अकरावीत आहेत. राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र बारावीच्या भौतिकशास्त्राची सुरुवातच रोटेशनने होते आणि बाकीची तिन्ही त्याच्या पाठोपाठ येतात. परिणामी, राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेऊन जेईईचा क्लास लावलेला मुलगा जे दिवाळीच्या आसपास क्लासमध्ये शिकतो, ते महाविद्यालयात त्याला पुढच्या जूनमध्ये भेटते. ज्याने ते पहिल्या वेळी नीट केले, त्याच्यासाठी ही आयती उजळणी ठरते. ‘पुढे येणारच आहे’ म्हणून ज्याने ते सोडले, त्याचे जेईईचे अर्धे भौतिक बारावीवर येऊन पडते. गणितात याच्या उलट प्रकार आहे. तर्कशास्त्र आणि रेषीय नियोजन ही सीईटीतली प्रकरणे सध्याच्या जेईई मेनच्या अभ्यासक्रमात नाहीत, म्हणून क्लास ती घेत नाही आणि मुले मार्चनंतर घाईने उरकतात. खरे तर हे सर्वांत सोपे गुण आहेत.

दोन्हींतील खोलीचा फरक एका प्रश्नावरून दाखवता येईल. भरीव गोळा उतारावरून न घसरता घरंगळत खाली येतो, तेव्हा त्याच्या एकूण गतिज ऊर्जेपैकी फिरण्याची ऊर्जा किती? उत्तर 2/7. हे ज्याच्या तोंडपाठ आहे, तो सीईटीत दहा सेकंदांत पुढे जातो, आणि तिथे तेच योग्य आहे. आता उताराचा वरचा अर्धा भाग खडबडीत आणि खालचा अर्धा अगदी गुळगुळीत आहे असे धरा. गुळगुळीत भागात घर्षणच नसल्यामुळे गोळ्याचे फिरणे वाढत नाही, फक्त पुढे सरकण्याचा वेग वाढतो. म्हणून तळाशी पोहोचल्यावर हे प्रमाण 1/7 होते. इथे पाठांतर उपयोगी पडत नाही. घर्षण नेमके काय करते हे ज्याने एकदा शांतपणे समजून घेतले आहे, त्यालाच हे सुचते. ही समज यायला अकरावीतले मोकळे महिने लागतात. बारावीत प्रॅक्टिकल, सराव परीक्षा आणि बोर्ड यांच्या रेट्यात ती सहसा येत नाही.

बोर्डाच्या बाबतीत लोकांचा समज नेमका उलटा असतो. जेईईच्या मुलाने बोर्डाकडे दुर्लक्ष केले तरी चालते, असे मानून काही घरांत फक्त नावापुरता प्रवेश घेतला जातो. प्रत्यक्षात एनआयटी आणि आयआयटीला खुल्या प्रवर्गासाठी बारावीत 75 टक्के गुण किंवा मंडळाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमधले स्थान आवश्यक आहे, तर राज्याच्या कॅपसाठी भौतिक, रसायन, गणित मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के पुरतात. म्हणजे बोर्डाचा दबाव जेईईच्या आराखड्यातच अधिक आहे, आणि मेनचे पहिले सत्र जानेवारीत, बोर्डाच्या लेखी परीक्षेच्या तोंडावर येते. बारावीसाठी मुलाला परराज्यात पाठवण्याचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यासाठी असतात आणि हे राज्य बारावी कुठून उत्तीर्ण झाली यावर ठरते. राजस्थानातून बारावी केलेल्या सांगलीच्या मुलाला नागपूरच्या व्हीएनआयटीत गृहराज्याचा लाभ मिळत नाही.

भाषेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. सीईटीत भौतिक आणि रसायन मराठीतून देता येते, गणित इंग्रजीतच असते. मेन मराठीतून देता येते, ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना याची फारशी अडचण येत नाही. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने पहिले दोन-तीन महिने पारिभाषिक शब्दांसाठी राखून ठेवावेत. तेवढ्या कारणावरून जेईईचा विचार सोडू नये.

प्रवासाचा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. तासगाव किंवा कवठेमहांकाळहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाचे महाविद्यालय, क्लास आणि प्रवास यांतच दिवसाचे बहुतेक तास संपतात, आणि जेईईला जो एकट्याने बसून करायचा सराव लागतो, त्यासाठी रात्रीचा थकलेला तासच उरतो. अशा घराने खोली घेऊन देणे शक्य नसेल तर सीईटीचा आराखडा स्वीकारावा; त्यात कमीपणा नाही. जुलै-ऑगस्टच्या नियोजनात आठ-दहा मोकळे दिवसही ठेवावेत. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णाकाठच्या मुलांचे वेळापत्रक कसे कोसळले, ते इथल्या घरांना वेगळे सांगायला नको.

मला विचाराल तर, ज्याचे दहावीचे गणित पक्के आहे आणि ज्याच्याकडे रोज तीन तास स्वतःचा वेळ आहे, त्याने अकरावी जेईईच्या मापाने करावी आणि अंतिम निर्णय अकरावीच्या शेवटी, मे महिन्यात घ्यावा. जेईईवरून सीईटीकडे वळणे काही आठवड्यांच्या वेगाच्या सरावाने जमते. सीईटीवरून बारावीत जेईईकडे चढणे जवळजवळ अशक्य होते. मेमधली कसोटी घरीच घेता येते: मेनच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतील फक्त अकरावीचे प्रश्न वेळ लावून सोडवावेत. निम्मे बरोबर येत असतील तर जेईई चालू ठेवावी. पाव भागही जमत नसेल, तर बारावीचे वर्ष सीईटीला आणि बोर्डाला द्यावे. मेनचा अर्ज तरीही भरावा, कारण संगणकावर परीक्षा देण्याचा सराव होतो. मधल्या स्थितीत असलेल्यांनी ॲडव्हान्स्ड बाजूला ठेवून मेन आणि सीईटी या दोनच परीक्षा धराव्यात.

‘नाही जमले तर ड्रॉप घेऊ’, म्हणजे बारावीनंतर एक वर्ष फक्त तयारीला देऊ, हा विचार अकरावीतच आराखड्यात शिरू देऊ नये. ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी मिळतात. शिवाय ड्रॉपच्या वर्षाचा उपयोग ज्याची अकरावी पक्की आहे त्यालाच होतो. इतरांचे ते वर्ष अकरावी पुन्हा शिकण्यात जाते. त्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्च आधी कागदावर मांडावा आणि त्याच कागदावर वालचंद किंवा कऱ्हाडला आज मिळू शकणाऱ्या शाखेचे नावही लिहावे.