नेतृत्वावर नाराज आहात? नेतेपद सोडायचं, आमदारकी सोडायची, की गट घेऊन जायचं?

७ फेब्रुवारी २०२३, बाळासाहेब थोरातांचा वाढदिवस. त्याच दिवशी बातमी फुटली की त्यांनी काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा पक्षश्रेष्ठींकडे पाठवला आहे. प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्यासोबत काम करणं अवघड झालंय, निर्णय विचारून घेतले जात नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ठिणगी पडली होती विधान परिषदेच्या नाशिक पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत. पक्षाने डॉ. सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली, त्यांनी अर्जच भरला नाही आणि त्यांचे चिरंजीव, थोरातांचे भाचे सत्यजित तांबे अपक्ष उभे राहिले. दोघांवर निलंबनाची कारवाई झाली. सत्यजित २ फेब्रुवारीला निवडून आले. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार असल्याची पत्रं, चुकीचे पाठवले गेले, हा त्यांचा आरोप आणि पटोलेंनी तो फेटाळणं, हे सगळं माध्यमांसमोर झालं.

अशी वेळ प्रत्येक पक्षात येते. आमदार असो, नगरसेवक असो की जिल्हा परिषद सदस्य, प्रश्न एकच असतो: वरच्यांशी पटत नाही, मग आता काय सोडायचं? "राजीनामा" या एकाच शब्दाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात. प्रत्येकाचा पत्ता वेगळा, परिणाम वेगळे. नाराजीत घेतलेले निर्णय फसतात ते बहुतेक वेळा इथेच.

| | पक्षनेतेपद सोडणं | आमदारकी सोडणं | गट घेऊन विलीन होणं |
|---|---|---|---|
| पत्र कोणाला | पक्षाध्यक्षांना | विधानसभा अध्यक्षांना, परिषदेत सभापतींना | विधानसभा अध्यक्षांना, सर्वांच्या सह्यांसह |
| आमदारकी | राहते | जाते | संख्या पुरली तर राहते |
| किती जण लागतात | एकटा पुरे | एकटा पुरे | किमान दोन-तृतीयांश |
| परतीचा रस्ता | उघडा | पत्र मंजूर होईपर्यंतच | जवळपास बंद |

पद सोडून पक्षात राहणं

थोरातांनी निवडलेला हा रस्ता सगळ्यात स्वस्त. १९८५ पासून संगमनेरचे आमदार असलेल्या माणसाला ना आमदारकी पणाला लावावी लागली, ना पक्ष. दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याचा, इथे संबंधच येत नाही, कारण पद सोडणं म्हणजे पक्षाचं सदस्यत्व सोडणं नव्हे.

मिळालं काय? काँग्रेसचे महाराष्ट्र प्रभारी एच. के. पाटील मुंबईत येऊन भेटले, राजीनामा स्वीकारला गेला नाही, थोरात नेतेपदावर राहिले. पण पटोलेही प्रदेशाध्यक्षपदावर राहिले, ते थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये हर्षवर्धन सपकाळ येईपर्यंत. दिल्लीने ऐकून घेतलं, बदललं मात्र काही नाही. ज्याला "माझं म्हणणं वरपर्यंत पोचावं" एवढंच हवंय, त्याला हा रस्ता पुरतो. "अमुक माणूस बदला" ही मागणी असेल तर पदाचा राजीनामा हे फार कमकुवत हत्यार आहे.

हा रस्ता धरायचा असेल तर पत्रात दोनच गोष्टी हव्यात: कोणता निर्णय कसा चुकला आणि त्यात नेमकी काय दुरुस्ती हवी. पत्र निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाकडेच जावं. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे नको, आणि माध्यमांकडे तर आधी मुळीच नको. जाहीर बोलून नेतृत्वबदल मागणाऱ्यांचं काय होतं ते आशिष देशमुखांच्या बाबतीत दिसलं: पटोलेंवर उघड टीका, नोटीस, आणि मे २०२३ मध्ये सहा वर्षांसाठी हकालपट्टी. देशमुख तेव्हा आमदार नव्हते. आमदार असता तर पेच आणखी वाढला असता. पक्षाने हाकललं म्हणजे आपण मोकळे झालो, असा समज सर्रास दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जी. विश्वनाथन प्रकरणात स्पष्ट केलंय की हाकललेला आमदारही ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला त्याच पक्षाचा मानला जातो. त्याने दुसरा पक्ष धरला की अपात्रतेचा धोका आलाच.

या रस्त्याचा एक तोटा नीट समजून घ्यायला हवा. विधिमंडळ पक्षनेतेपद सोडताना प्रतोदावरची, म्हणजे सभागृहात पक्षाचा आदेश बजावणाऱ्या आमदारावरची, पकडही सुटते. २१ जून २०२२ ला शिवसेनेने एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरींना नेमलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रवादीने अजित पवारांची जागा त्यांच्या शपथविधीच्याच दिवशी जयंत पाटलांना दिली. दोन्ही वेळा जागा भरायला काही तासच लागले. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर शिक्कामोर्तबच केलं की प्रतोद आणि नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नाही. रागाच्या भरात पद सोडलं आणि पक्षाने ते तत्काळ स्वीकारलं, तर हातात काही उरत नाही.

विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा हा प्रकार वेगळा, आणि त्याची किंमत दुसरेच लोक मोजतात. पटोलेंनीच ४ फेब्रुवारी २०२१ ला प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं. ती खुर्ची ३ जुलै २०२२ पर्यंत रिकामी राहिली. जून २०२२ मध्ये शिवसेनेत शिंदेंचं बंड झालं तेव्हा १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढण्याची वेळ उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांच्यावर आली, आणि त्यांच्याविरुद्धच हटवण्याची नोटीस दिली गेली. अशी नोटीस प्रलंबित असताना अपात्रतेवर निर्णय देता येत नाही, असा २०१६ चा नबाम रेबिया निकाल होता. एका पदाच्या राजीनाम्याने आघाडी सरकारचं केवढं नुकसान झालं, हे तो देताना कोणी तोलून पाहिलं असं वाटत नाही.

आमदारकी सोडणं

पक्ष बदलायचाच असेल तर आमच्या मते सरळ रस्ता हाच. ज्या चिन्हावर मतं घेतली ते चिन्ह सोडताना खुर्चीही सोडावी, एवढी अपेक्षा मतदाराने ठेवायला हरकत नाही. नारायण राणे २००५ मध्ये विरोधी पक्षनेते असताना शिवसेनेतून बाहेर पडले, आमदारकी सोडली आणि मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसकडून लढवून जिंकले. गोव्यात सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये काँग्रेस आणि आमदारकी एकदमच सोडली, आणि एप्रिल २०१९ च्या पोटनिवडणुकीत शिरोडा आणि मांद्रे इथून भाजपतर्फे पुन्हा निवडून आले.

यात कळीचा भाग तारखेचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ नुसार रिक्त जागा सहा महिन्यांत पोटनिवडणुकीने भरायची असते, पण सदस्याची उरलेली मुदत एका वर्षापेक्षा कमी असेल तर हे बंधन नाही. ही एक ओळ सगळं गणित फिरवते. राधाकृष्ण विखे पाटलांनी ४ जून २०१९ ला आमदारकी सोडली. विधानसभेची मुदत नोव्हेंबरमध्ये संपत होती, म्हणून पोटनिवडणूक नाही. १६ जूनला ते गृहनिर्माणमंत्री झाले, कारण सदस्य नसतानाही सहा महिने मंत्री राहता येतं, आणि ऑक्टोबरमध्ये शिर्डीतून भाजपच्या तिकिटावर निवडून आले. अशोक चव्हाणांचं तेच: १२ फेब्रुवारी २०२४ ला राजीनामा, दुसऱ्या दिवशी भाजपप्रवेश, २० तारखेला राज्यसभेवर बिनविरोध. भोकरची जागा नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी. कायद्यात हे बसतं. भोकरच्या लोकांना मात्र नऊ महिने आमदार नव्हता, ही गोष्ट निर्णय घेणाऱ्याने मनातून काढून टाकू नये.

मुदत बरीच उरली असताना बाहेर पडणारा खरी जोखीम घेतो. पटोले डिसेंबर २०१७ मध्ये भाजपच्या नेतृत्वावर नाराज होऊन खासदारकी सोडून बाहेर पडले. भंडारा-गोंदियाची मे २०१८ ची पोटनिवडणूक राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे जिंकले. पटोले २०१९ च्या लोकसभेला नागपुरात गडकरींकडून हरले, आणि त्यांचं पुनरागमन झालं ते त्याच वर्षी साकोलीतून. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं सभागृहाबाहेर. एवढा काळ तग धरण्याची तयारी, पैसा आणि मतदारसंघातली माणसं आहेत का, हे आधी मोजावं.

आता प्रत्यक्ष कृती. राज्यघटनेच्या कलम १९० प्रमाणे राजीनामा सहीनिशी, अध्यक्षांना उद्देशून लिहिलेला हवा. तो स्वेच्छेचा आणि खरा आहे का, एवढंच अध्यक्ष तपासतात, तसा तो नाही असं दिसलं तर नाकारू शकतात. म्हणून मजकूर एका वाक्याचा ठेवा. अटी नकोत, कारणमीमांसा नको, पुढची तारीख नको. स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या. पक्षाध्यक्षाकडे दिलेला आमदारकीचा राजीनामा म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नुसता कागद.

क्रम चुकला तर काय होतं, ते कर्नाटकात २०१९ मध्ये दिसलं. १७ आमदारांना विधानसभाध्यक्षांनी अपात्र ठरवलं. त्यात गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी, कागवाडचे श्रीमंत पाटील असे सीमाभागातले आमदारही होते. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण मुदत संपेपर्यंतची निवडणूकबंदी रद्द केली. निकालातला धडा असा: पक्षाविरुद्धचं वर्तन आधी घडलं असेल तर मागाहून दिलेला राजीनामा अपात्रतेपासून वाचवत नाही. आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही. म्हणून सोडायचंच असेल तर प्रतोदाचा आदेश मोडण्याआधी, दुसऱ्या पक्षाच्या मंचावर दिसण्याआधी सोडा. १९९४ च्या रवी नाईक प्रकरणापासून, जे गोव्यातलंच होतं, न्यायालयाची भूमिका पक्की आहे: "स्वेच्छेने सदस्यत्व सोडणं" हे नुसत्या वागण्यावरूनही ठरवता येतं, त्याला लेखी राजीनामा लागत नाही.

गट घेऊन जाणं

एक-तृतीयांशाच्या फुटीला मिळणारं संरक्षण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेलं. उरलं ते विलीनीकरण, त्याला दोन-तृतीयांश लागतात. आकडा नेहमी वरच्या पूर्णांकाला न्यायचा: ४४ आमदारांचे ३०, ५५ चे ३७, ११ चे ८. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी बरोबर १० आमदार विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकरांसह भाजपमध्ये गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले, त्यात दिगंबर कामत आणि मायकल लोबो होते. पहिल्या प्रकरणात अपात्रतेच्या याचिका गोवा विधानसभेच्या सभापतींनी फेटाळल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला.

हिशेब कागदावर सोपा, माणसांवर अवघड. एक जण रात्रीत परतला तर बाकीच्या सगळ्यांची आमदारकी टांगणीला लागते. म्हणूनच माणसं सुरत-गुवाहाटीला न्यावी लागतात.

शिंदे आणि अजित पवार यांच्या गटांनी विलीनीकरणाचा आधार घेतलाच नाही, आपणच मूळ पक्ष असा दावा केला. अजित पवारांनी २१ जून २०२३ ला विरोधी पक्षनेतेपदातून मुक्त करण्याची जाहीर मागणी केली आणि २ जुलैला उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मधल्या अकरा दिवसांत ती मागणी साधी नाराजी म्हणून वाचणारे चुकले. या दाव्यात निवडणूक आयोग, अध्यक्ष आणि न्यायालय अशा तीन आघाड्या एकदम लढाव्या लागतात. शिवसेनेच्या अपात्रता याचिकांवर निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, म्हणजे बंडानंतर दीड वर्षाने. वकिलांचा खर्च आणि सत्तेचा आधार नसेल तर हा रस्ता विचारातही घेऊ नये. लोकांनी एका चिन्हाला दिलेलं मत दुसरीकडे वळतं ते याच रस्त्याने, आणि त्याचं दुःख कार्यकर्त्याला नेत्यापेक्षा जास्त होतं.

नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठी

तुमच्यासाठी कायदा वेगळा: महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. महापालिकेतल्या प्रकरणाचा निर्णय विभागीय आयुक्त देतात, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेतल्या प्रकरणांचा जिल्हाधिकारी. निवडणुकीनंतर केलेली गटनोंदणी काढून पाहा. तुमचं नाव कोणत्या पक्षाच्या किंवा आघाडीच्या गटात आहे आणि गटनेता म्हणून कोणाची नोंद आहे, त्यावरच पक्षादेश कोणाचा लागू हे ठरतं. आदेश मोडून मतदान झालंच असेल तर पक्ष पंधरा दिवसांच्या आत ते माफ करू शकतो, आणि ती माफी लेखी घ्या. गावपातळीवर ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवली जात नाही, त्यामुळे तिथे ही कटकट नाही.