एमटी-४० की एसके-१?

जुन्या कॅसिओचा बाळबोध, काहीसा हास्यास्पद आवाज आपल्या गाण्यात हवा असलेल्या एका मित्राचे मन कॅसिओच्या एमटी-४० आणि एसके-१ या दोन छोट्या कीबोर्डांत अडकले आहे. आवाजाच्या बाबतीत 1981 च्या एमटी-४० चे पारडे माझ्या मते जड आहे. कॅसिओत काम करणाऱ्या हिरोको ओकुडा यांनी रचलेल्या त्याच्या 'रॉक' ठेक्यावर 1985 मध्ये जमैकात गायक वेन स्मिथ यांचे गाणे उभे राहिले आणि रेगे संगीत संगणकीय वळणावर गेले. महागड्या सिंथेसायझरना जे साधले नाही, ते या खेळण्यासारख्या पेटीने साधले. एमटी-४० चे आवाज मात्र ठरलेलेच आहेत. उलट 1986 च्या एसके-१ मध्ये अंगच्या मायक्रोफोनने सुमारे दीड सेकंदाचा कोणताही आवाज, अगदी कुकरची शिट्टीसुद्धा, टिपून पट्ट्यांवर वाजवता येतो, पण यंत्र बंद करताच तो पुसला जातो. टिकाऊपणात फारसा फरक नाही. दोन्ही जुनीच असल्याने सेलच्या कप्प्यातील गंज आधी तपासावा.

तयार ठेक्यावर गाणे रचणाऱ्याने एमटी-४० घ्यावा. आवाजांची मोडतोड करण्याची हौस असणाऱ्याला एसके-१ अधिक मानवेल.