श्रमयोगी मानधन : ऊसतोडीच्या कोयत्याला परवडते, पण खात्यात पैसे ठेवले तर

फेब्रुवारी 2019 मध्ये आलेली प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना इतकी स्वस्त आहे की ऐकणाऱ्याला आधी संशयच येतो. तिसाव्या वर्षी नाव घातले तर महिन्याला 105 रुपये. तेवढेच केंद्र सरकार टाकते. साठी झाली की महिना 3000 रुपये पेन्शन. तीस वर्षांत खिशातून जातात 37,800, म्हणजे तेराव्या पेन्शनला स्वतःचे सगळे पैसे वसूल. अठराव्या वर्षी हप्ता 55, चाळिसाव्या वर्षी 200. कमाई महिना 15 हजारांपर्यंत हवी. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) किंवा आयकर असेल तर नाव लागत नाही. बीड, केज, धारूरकडच्या बहुतेक ऊसतोड कामगारांना ही अट बसते, आणि नवरा-बायको दोघेही वेगवेगळे भरू शकतात.

नोंदणी सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवा केंद्रात होते, तीही मोफत. आधार, पासबुक आणि मोबाईल न्यायचा, पहिला हप्ता रोख द्यायचा. पुढचे हप्ते खात्यातून आपोआप कापण्यासाठी एका फॉर्मवर सही लागते, आणि बरेच फॉर्म इथेच परत येतात. बँकेत खाते उघडताना अंगठा दिलेला असतो. मधल्या काळात बाई सही शिकलेली असते आणि केंद्रात ऐटीत सही करते. बँक जुळवते, जुळत नाही, हप्ता सुरूच होत नाही. हातात योजनेचे कार्ड असल्यामुळे घरच्यांना वाटते सगळे चालू आहे. म्हणून दुसऱ्या महिन्यात पासबुक छापून कपातीची ओळ दिसते का ते बघायचेच. आधारवर 1 जानेवारी अशी अंदाजे जन्मतारीख असेल तर वय त्यावरूनच धरले जाते. चाळिशीच्या आसपास असाल तर आधी ते तपासा.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हप्ता सहसा दरमहा कापला जातो आणि ऊसतोडीचा पैसा दरमहा येत नाही. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) एकदम मिळते, उधारी आणि दवाखान्यात जाते, मग गुढीपाडव्यापर्यंत उसाच्या फडावर घाम गाळून ती मुकादमाच्या वहीतून फिटत राहते. तोवर खाते कोरडे. यावर एकच जमणारा उपाय : उचलीतून दोघांचे (105 च्या हप्त्याने) वर्षाचे 2520 रुपये त्या खात्यात टाकायचे आणि एटीएम कार्ड गावी ठेवून जायचे. हप्ते थकले तरी थकबाकी आणि असल्यास दंड भरून खाते पुन्हा चालू करता येते.

दहा वर्षांच्या आत सोडले तर स्वतःचा भरणा आणि बचत खात्याचे व्याज एवढेच हाती येते, सरकारचा वाटा नाही. पेन्शनधारक गेला तर जोडीदाराला निम्मी, 1500. दोघेही गेले की लेकरांना एक रुपया मिळत नाही. नोंदणीच्या वेळी हे कुणी सांगत नाही.

लेकरांसाठी मागे काही राहावे असे वाटत असेल तर अटल पेन्शन बघा. तिसाव्या वर्षी त्याच 3000 साठी महिना 347 पडतात, तिपटीहून जास्त; पण जोडीदाराला पूर्ण पेन्शन मिळते आणि दोघांनंतर वारसाला 5 लाख 10 हजार. शिवाय हप्ता तिमाही किंवा सहामाही ठेवता येतो. ऊसतोडीला सहामाहीच सोयीची.

सातबाऱ्यावर 1 ऑगस्ट 2019 पूर्वीपासून नाव असून जमीन दोन हेक्टरच्या आत असेल, तर किसान मानधन योजना बरी. हप्ता आणि पेन्शन श्रमयोगीइतकेच, पण हप्ता पीएम किसानच्या 2000 च्या हप्त्यातून वळता करता येतो, खात्यात वेगळे पैसे टाकायची कटकट नाही. मात्र श्रमयोगीत नाव असलेल्याला ही घेता येत नाही. त्यामुळे केंद्रावर जाताना आठ-अ चा (नावावरच्या एकूण जमिनीचा) उताराही सोबत न्या.